शनिवारचं बुकिंग आणि कुंपणापलीकडचं घरटं: माजाळीचं एक प्रकरण

बेळगावकरांना समुद्र म्हटलं की गोवा आठवतो, कारवार नंतर. चोर्ला घाटाने पणजी गाठायची सवय पायाला लागलेली असते. तरी खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरून कद्र्यावरून सदाशिवगडला येणाराही एक वर्ग आहे. त्यात बेळगावच्या गल्ल्यांमधली मंडळं असतात, निपाणी-संकेश्वरकडची कुटुंबं असतात आणि गोव्याची गर्दी नको झालेले मास्तर लोक असतात. सदाशिवगडहून थोडं उत्तरेला माजाळी. पलीकडे पोळे, म्हणजे गोव्याची हद्द.

या माजाळीत माडांच्या बागेत पाच खोल्यांचं एक अतिथीगृह आहे. चालवणारं जोडपं, म्हणजे दादा आणि वहिनी, मूळचं खानापूर तालुक्यातलं. जागा भाड्याची, मालक गावातलेच. बागेच्या टोकाला कुंपण, पलीकडे सुरूच्या झाडांची एक रांग आणि मग थेट वाळू. मी या दोघांचा हिशेब लिहितो. त्यामुळे कुठल्या महिन्यात काय खपतं, कोण आगाऊ रक्कम परत मागतं आणि कोण दुसऱ्यांदा येतं, हे मला वहीतून कळतं. हे प्रकरणही आधी वहीतच दिसलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पूर्ण बुकिंग होतं आणि तरी जमा निम्मीच होती.

त्या शनिवारकडे येण्याआधी थोडं मागचं सांगतो.

अतिथीगृहात शिरताच भिंतीवर एक फलक होता, ‘आजूबाजूची प्रेक्षणीय स्थळे’. यादी कोणीही करील तशीच. सोंद्याच्या राजांनी बांधलेला सदाशिवगड, तिथलं दुर्गेचं देऊळ आणि दर्गा. तिळमाती, म्हणजे काळ्या, तिळासारख्या दाण्यांच्या वाळूचा छोटा किनारा. देवबागचं सुरूचं बन. पौषात नरसिंहाची जत्रा भरते ते कूर्मगड बेट. कारवारात ‘आयएनएस चपळ’ या युद्धनौकेचं संग्रहालय आणि रवींद्रनाथ ठाकूरांच्या नावाचा किनारा. रवींद्रनाथ तरुणपणी इथे थोरल्या भावाकडे, जिल्हा न्यायाधीश सत्येंद्रनाथांकडे, येऊन राहिले होते. शेवटी एक ओळ: ‘डॉल्फिन, गरुड, कासवे व विविध पक्षी’.

फलकात खोटं काही नव्हतं. पाहुणे मात्र नाश्ता आटपून अकराला निघायचे, भर उन्हात तिळमातीची टेकडी चढायचे, काळी नदीच्या पुलावरच्या वाहतुकीत अडकून कारवार करायचे (ऑगस्ट २०२४ मध्ये जुना पूल कोसळला, तेव्हापासून भार नव्या पुलावर), आणि पाचला घामाघूम होऊन परत. डॉल्फिन दिसलेला नसे. समुद्री गरुड डोक्यावरून गेलेला असे, पण तेव्हा नजर मोबाइलमध्ये. मग अभिप्राय यायचा: ‘जेवण छान, बघण्यासारखं विशेष काही नाही.’

हे वाचून वहिनी वैतागायच्या. त्या सकाळी साडेसहाला मासळी आणायला वाळूवर जात आणि रोज काहीतरी बघून येत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढताना त्यात आलेला पाकट. ओलीवर धावणारे चिखले पक्षी. किनाऱ्यापासून फार लांब नाही अशा अंतरावर वर येऊन पाठ दाखवणारे गादे, म्हणजेच फलकावरचे डॉल्फिन. पाहुणे त्या वेळी झोपलेले असत, कारण रात्रीचं जेवण साडेदहाला आणि गप्पा दीडपर्यंत.

गुरुवार

गुरुवारी पहाटे रापणीच्या एका माणसाने येऊन कुंपणाची कडी वाजवली. सुरूच्या रांगेच्या अलीकडे, कुंपणापासून वीसेक पावलांवर, कासव येऊन गेलं होतं. पाण्यापासून वर आलेली एक वाट, परत गेलेली दुसरी, आणि मध्ये विसकटलेल्या वाळूचा गोल. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचा माग ओळखायला सोपा. दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांचे ठसे समोरासमोर पडत नाहीत, आळीपाळीने पडतात. अंडी घालून झाली की मादी खड्डा बुजवते आणि अंगाचा भार देऊन, आपटून आपटून वाळू दाबते. त्यामुळे तो गोल आजूबाजूच्या वाळूपेक्षा वेगळा दिसतो, आणि पाय ठेवायच्या आत कळावा लागतो.

त्या माणसाने वन खात्याला फोन केला होता. कारवारच्या किनाऱ्यावर हे आता अंगवळणी पडलं आहे. अंडी विकायचे दिवस आठवणारे म्हातारे गावात अजून आहेत. वनरक्षक आले. भरतीची रेष घरट्याच्या बरीच खाली होती, म्हणून अंडी हलवली नाहीत. वाळूत घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं फिरवलं तर तो दगावतो. घरट्याभोवती जाळी ठोकली, तारखेची पाटी लावली आणि सांगून गेले: पंचेचाळीस ते साठ दिवस, एप्रिलच्या आसपास पिल्लं निघतील. अंडी साधारण शंभर-सव्वाशे असतात. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या, पहिल्या अनुसूचीत आहे. घरट्याला हात लावणं हा गुन्हा, एवढंही बजावलं.

दादा खूश झाले. फलकावरच्या शेवटच्या ओळीतली कासवं पहिल्यांदाच खरी ठरली होती. लगेच फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमच्याकडे कासव आलं!’ तासाभरात शनिवारच्या मंडळींचा फोन. बावीस जण, पाचही खोल्या, वर दोन तंबू.

त्यांचं ठरलेलं असं होतं: वाळूवर शेकोटी, स्पीकर, कुंपणावर दोन हॅलोजन, आणि गाडी थेट किनाऱ्यापर्यंत. हे सगळं दादांनीच महिन्यापूर्वी कबूल केलं होतं.

नेमकं काय अडत होतं

इथे भावनेपेक्षा तपशील महत्त्वाचा आहे, कारण अशा वेळी लोक एकतर सगळंच बंद करतात नाहीतर काहीच नाही.

अंडी दीड-दोन फूट वाळूखाली असताना वरच्या दिव्याचा त्यांना थेट त्रास नाही. त्यामुळे ‘घरटं आहे म्हणून दिवे बंद’ हे कारण त्या शनिवारपुरतं अर्धंच खरं. खरी अडचण दुसऱ्या माद्यांची. हंगाम ऐन भरात होता, आणि उजेड-गोंगाट असलेल्या किनाऱ्यावर मादी बरेचदा चढतच नाही, चढली तर अंडी न घालता वळते. दिव्याचा मोठा धोका एप्रिलमध्ये, पिल्लं निघतील तेव्हा. ती क्षितिजावरच्या उजळ बाजूला धावतात. उघड्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, हॅलोजन असेल तर अतिथीगृहाची.

शेकोटीचं वेगळं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, ऊब जास्त असली की माद्या जास्त. अति तापली तर अंडी मरतात. एका रात्रीच्या शेकोटीने वीस पावलांवर किती फरक पडेल? फार नाही, असं माझं मत. पण बावीस जणांची शेकोटी जागच्या जागी राहत नाही, लाकडं आणायला आणि फोटो काढायला माणसं सगळीकडे फिरतात. तंबूच्या खुंट्या तर सरळ वाळूत. आणि गाडी. वाळू दाबली जाते हे एक, शिवाय चाकोरी पडते. तळहातात मावणारं पिल्लू त्या चाकोरीत पडलं की बाहेर निघता निघत नाही, आणि उजाडलं की कावळे असतातच.

तरीही या सगळ्याहून मोठी गोष्ट कोणाच्या बोलण्यातच नव्हती. ती वहिनींनी काढली. अतिथीगृहाच्या स्वयंपाकघरातला मासळीचा कचरा, डोकी, आतडी, कोळंबीची सालं, रोज संध्याकाळी कुंपणापलीकडे सुरूच्या मुळाशी टाकला जायचा. ‘कावळे खातात, साफ होतं’ म्हणून. त्या कचऱ्यावर गावातली कुत्री पोसली होती, रात्री कोल्हेही येत. किनाऱ्यावरच्या घरट्यांचे सगळ्यात मोठे शत्रू हेच. जाळी असली तरी कुत्रं बाजूने उकरतं. म्हणजे पाहुण्यांनी काही न करता नुसतं पापलेट खाल्लं असतं, तरी घरटं धोक्यातच होतं, आणि तो धोका आमच्याच बादलीतून जात होता. हॅलोजनवर सगळे बोलतात, माशाच्या डोक्यावर कोणी बोलत नाही.

फोन

शुक्रवारी सकाळी दादांनी मंडळाच्या म्होरक्याला फोन लावला. शेकोटी, स्पीकर, वाळूवरचे दिवे, तंबू आणि गाडी रद्द, जेवण अंगणात.

“ओ दादा, समुद्राला येऊन अंगणात बसायचं म्हंजे काय ओ? अंगण आमच्यात बी हाय की!”

“हाय की. पण तुमच्या अंगणात कासव येत न्हाई.”

थोडा वेळ शांतता, मग हिशेब. म्होरक्याचं म्हणणं बरोबर होतं: कबूल केलेलं देता येत नसेल तर पैसे कमी करा. दादांनी तंबूंचं भाडं सोडलं आणि शेकोटी-स्पीकरचे घेतलेले पैसे परत केले. सात जण आलेच नाहीत, त्यांचीही आगाऊ रक्कम परत गेली. वहीतली निम्मी जमा ती हीच. मला विचाराल तर आगाऊ परत करणं योग्यच होतं. कासवाचं नाव पुढे करून पैसे ठेवून घेतले असते, तर बेळगावच्या त्या गल्लीत कासवाचंच नाव खराब झालं असतं.

पण रद्द करणं सोपं. उरलेल्या पंधरा जणांचा शनिवार-रविवार भरायचा कशाने, हा प्रश्न राहिला, आणि वहिनींनी तो कालनिर्णयाने सोडवला.

कोकणात जुनी रीत आहे: तिथीला पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईकडे हे नीट जुळतं, माजाळीला भरती त्याच्या सुमारे तासभर आधी लागते. शनिवारी शुद्ध अष्टमी. म्हणजे पाचच्या सुमारास भरती, अकराच्या सुमारास ओहोटी, आणि रोज पाऊण-एक तास पुढे. अष्टमीला भांग असतो, म्हणजे उधाणासारखं पाणी फार मागे जात नाही, तरी चालायला ओली घट्ट पट्टी मिळते. आजवर जेवणाच्या वेळा स्वयंपाक्याच्या सोयीने ठरत होत्या. वहिनींनी त्या पाण्याच्या सोयीने लावल्या. शनिवारी रात्रीचं जेवण साडेआठला. “साडेआठ म्हंजे साडेआठ,” असं त्यांनी मंडळाला दारातच सांगितलं.

दहाला पंधरा जण ओळीने वाळूवर उतरले, दोनच विजेऱ्या आणि त्यांच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद. अर्धा चंद्र पश्चिमेला होता, त्यामुळे तेवढंही पुरे होतं. कासव दिसलं नाही, आणि दिसेल असं कोणी म्हटलंही नव्हतं. दिसले ते खेकडे. ओल्या वाळूवर छोट्या खेकड्यांनी बिळाभोवती गोळ्या टाकलेल्या होत्या, मोहरीएवढ्या, बिळापासून चारी बाजूंना फुटलेल्या रेघांत. कोणीतरी रांगोळीच्या ठिपक्यांचं निम्मं काम करून उठून गेल्यासारखं. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं तेवढं गाळायचं आणि उरलेली गोळी करून मागे टाकायची, असा खेकड्यांचा उद्योग. पुढची भरती सगळं पुसते, पुन्हा ओहोटीला पहिल्यापासून. मंडळातला एक जण, सोनारकाम करणारा, गुडघ्यावर बसून बराच वेळ तेच बघत राहिला. त्याला उठवावं लागलं.

घरट्याच्या जाळीपाशी थांबले तेव्हा बरोबरच्या आजींनी चपला काढल्या आणि जाळीला लांबूनच हात जोडले. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं, त्याला नमस्कार करून पुढे जायचं ही सवय. ‘शांत राहा, उजेड टाकू नका’ हे त्या संध्याकाळी तीनदा सांगून जे झालं नव्हतं, ते तिथे एका मिनिटात झालं.

रविवारी पहाटे सात-आठ जण रापणीला गेले. रापण ओढायला हात लावणाऱ्याला मूठभर मासळी देण्याची जुनी रीत आहे, ती त्यांनाही मिळाली. तिळमाती नाश्त्यानंतर लगेच केली, ऊन चढायच्या आत टेकडी पार, आणि पावणेबाराच्या ओहोटीला खालचा काळा पट्टा पुरेसा रुंद मिळाला. कारवारातलं युद्धनौकेचं संग्रहालय वगळलं. कोणी विचारलंही नाही.

परतीसाठी दादांनी एकच सांगितलं: अणशीच्या रानातून जाताना खिडक्या उघड्या ठेवा, गाणी बंद, वेग कमी. तो रस्ता काळी व्याघ्र राखीव क्षेत्राजवळून, काही ठिकाणी थेट आतून जातो. आधी त्याचं नाव अणशी-दांडेली होतं, २०१५ साली काळी झालं. वाघाची आशा धरून जाणाऱ्याच्या पदरी निराशा पडायची शक्यता जास्त, पण शेकरू, धनेश, कधी रस्त्याकडेला गवे, हे दुपार कलल्यावर दिसू शकतं. मंडळाला शेकरू दिसलं. फोटो आला, झाडाच्या फांदीवर तांबूस धब्बा, पण आला.

एप्रिल

मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या. मासळीचा कचरा आता बागेच्या रस्त्याकडच्या बाजूला खड्ड्यात जातो, वर माती आणि नारळाची सोडणं. कुत्री आठवडाभर जुन्या जागी येऊन बसत होती, मग पांगली. समुद्राकडचे दोन पांढरे दिवे काढून पिवळे, कमी उंचीचे, वरून पत्र्याची झाकण असलेले लावले. खर्च किरकोळ. आणि फलक उतरवला. त्या जागी आता एक फळा आहे. वहिनी रोज त्यावर तिथी, ओहोटीच्या दोन वेळा आणि काल काय दिसलं ते खडूने लिहितात. ‘काल’ महत्त्वाचं. उद्या दिसेल असं त्या लिहीत नाहीत.

पिल्लं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, पहाटे चारच्या सुमारास निघाली. आठवड्याचा मधला वार, परीक्षांचे दिवस, अतिथीगृहात गडहिंग्लजचं एकच जोडपं. वनरक्षकांनी जाळी उचलली, सगळे मागे सरकले. वाळू एका जागी खचल्यासारखी झाली आणि तिथून आधी दोन, मग एकदम दहा-बारा काळपट डोकी वर आली. एकटं पिल्लू सहसा वर येत नाही. सगळी मिळून वरची वाळू खाली ढासळवत चढतात आणि वाळू गार झाली की बाहेर पडतात. बहुतेक पाण्याकडे वळली. पाच-सहा मात्र उत्तरेला, शेजारच्या बागेकडे निघाली. तिथे खांबावर पांढरा दिवा जळत होता. वनरक्षकाने दादांना धावत पाठवलं, दिवा बंद करायला लावला, आणि ती पिल्लं थोडी घुटमळून पाण्याकडे वळली.

यात दादांचं बरंच बरोबर झालं असलं तरी मला एक गोष्ट पटलेली नाही. घरट्याचा फोटो ठिकाणासह लगेच पसरवणं. त्यानंतरच्या दोन रविवारी न राहणारे लोकही ‘कासव कुठंय’ विचारत बागेतून आत शिरत होते, आणि जाळीभोवतीची वाळू तुडवून घट्ट झाली होती. आता घरटं सापडलं तर वन खात्याला फोन, पाहुण्यांना तोंडी, आणि फोटो पिल्लं गेल्यावर, असं ठरलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सव भरतो तसा इथे भरवू, ही दादांची कल्पनाही मी तूर्त अडवून धरली आहे. वेळासला आधी काही वर्षं घरटी राखली, मग माणसं बोलावली. इथे एका अतिथीगृहाच्या कुंपणाबाहेरचं एक घरटं आहे.

पैशाचं म्हणाल तर त्या शनिवारचा खड्डा मे अखेरीस भरला. मंडळातल्या दोन घरांनी मुलांना घेऊन पुन्हा बुकिंग केलं, त्यात तो सोनारकाम करणारा होता. नोव्हेंबर ते एप्रिल वाळूवर स्पीकर-शेकोटी नाही, ही ओळ आता आगाऊ रक्कम घेण्याआधीच सांगितली जाते. काही फोन तिथेच संपतात.

राहिला तो शेजारचा खांब. बाग जागामालकांच्या भावाची. नारळाच्या चोरीपायी दिवा रात्रभर लागतो, आणि त्यांचं म्हणणं, माझे नारळ गेले तर कासव भरून देणार आहे का? प्रश्न बिनतोड आहे. वहिनींनी दिव्यावर समुद्राकडच्या बाजूला पत्रा लावून द्यायची तयारी दाखवली, उजेड बागेत राहील, वाळूवर जाणार नाही. ते हो म्हणाले, पण पत्रा दोन्ही बाजूंना वाकवून हवा आणि खिळे गंजता कामा नयेत. स्टेनलेसचे खिळे कारवारात मिळाले. लावायला माणूस गणपतीनंतर येणार आहे.